प्लिमथ मोटार : नांव आणि सेवा

जुन्या पनवेलींतील एका गल्लींत, कौलारू घराच्या मागील अंगणांत, ताडपत्रीखालीं एक मोटार गेलीं अनेक वर्षें उभी आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत त्या घरचा नातू, जो आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी आहे, आम्हांस ती दाखविण्यासाठीं घेऊन गेला. ताडपत्री दूर केली तेव्हां बोनेटच्या टोंकावर धातूचें एक लहानसें शिडाचें तारूं दिसलें. घर पाडून त्या जागीं मोठी इमारत उठावयाची आहे, पावसाळ्याच्या आंत अंगण मोकळें करून द्यावयाचें आहे, आणि गाडीचें काय करावें हा प्रश्न त्या कुटुंबापुढें आहे. भंगारवाल्यानें वजनावर भाव सांगितला आहे. तारूं तेवढें आठवण म्हणून काढून ठेवावें व बाकीचें लोखंड देऊन टाकावें, असा नातवाचा विचार दिसला. आमचें मत निराळें आहे, आणि तें कां निराळें आहे हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

ही मोटार प्लिमथ जातीची होय. १९२८ सालीं अमेरिकेंत वॉल्टर क्रायस्लर यांनीं हें नांव बाजारांत आणलें. १६२० सालीं धर्मस्वातंत्र्याच्या ओढीनें 'मेफ्लॉवर' नामक जहाजांतून अटलांटिक महासागर ओलांडून गेलेल्या यात्रेकरूंनीं जेथें वस्ती केली, त्या प्लिमथची आठवण या नांवांत आहे. आणि तेंच जहाज पुढें गाडीची खूण होऊन बसलें. ही गाडी श्रीमंतांसाठीं काढलेली नव्हती. फोर्ड व शेव्हरोले या स्वस्त गाड्यांशीं तिला टक्कर द्यावयाची होती. तथापि स्वस्ताईसाठीं तिच्या सुरक्षिततेंत कसर केलेली नव्हती. चारही चाकांस तेलाच्या दाबानें चालणारे ब्रेक तिला पहिल्या वर्षापासून होते. फोर्ड गाडीस ते १९३९ च्या नमुन्यापर्यंत मिळाले नाहींत. म्हणूनच मंदीच्या कठीण वर्षांतही प्लिमथ अमेरिकेंतील विक्रींत तिसऱ्या क्रमांकावर चढली.

आपल्या प्रांताशीं तिचा संबंध जडला तो सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांच्यामुळें. हिंदुस्थानांत मोटारींचा कारखाना निघावा हा त्यांचा ध्यास. फोर्ड कंपनीशीं चाललेल्या वाटाघाटी फळास आल्या नाहींत, तेव्हां त्यांनीं क्रायस्लर कंपनीशीं करार केला. महायुद्धामुळें कांहीं वर्षें फुकट गेलीं. अखेरीस १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व १९४७ सालापासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. डॉज, डिसोटो व प्लिमथ अशीं त्यांचीं नांवें. गंमत अशी कीं, परदेशीं विकावयाच्या कित्येक डॉज व डिसोटो गाड्या मुळांत प्लिमथच असत. पुढील जाळी व नांवाची पट्टी तेवढी बदललेली असे. एकाच देहास तीन नांवें देण्याची ही रीत त्या काळीं सोयीची वाटली असेल. पुढें तिचा परिणाम काय झाला तें यथाक्रम येईलच.

अंगणांतील गाडी १९४८ सालची, कुर्ल्यास जुळविलेली. आजोबांनीं ती १९६६ सालीं मुंबईंतील एका गृहस्थाकडून जुनी विकत घेतली व पनवेल-पुणें रस्त्यावर भाड्यानें चालविली. त्यांचें वय आज चौऱ्यायशीं आहे. दृष्टि मंद झाली असली तरी गाडीविषयीं विचारतां ते सरसावून बसले. सहा सिलिंडरांचें, सुमारें ३.६ लिटरचें, ९५ अश्वशक्तीचें तें इंजिन चालूं असतां बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला तरी हिंदकळत नसे, हें त्यांनीं आम्हांस दोनदां सांगितलें. परंतु त्यांच्या बोलण्यांत बढाईपेक्षां चुकांचीच कथा अधिक होती, आणि तीच आम्हांस मोलाची वाटली.

गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यांत खोपोलीस डावें मागील चाक पंक्चर झालें. पान्हा लावून आजोबांनीं व बरोबरच्या मुलानें सर्व बळ खर्चिलें, परंतु बोल्ट सुटेनात. शेवटीं पान्ह्यास नळी अडकवून जोर केला, तेव्हां दोन बोल्ट तुटले. त्या कंपनीच्या गाड्यांस डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असत, हें दोघांसही ठाऊक नव्हतें. सोडविण्याच्या समजुतीनें ते बोल्ट आवळीतच बसले होते! त्या दिवसापासून डाव्या चाकांवर आजोबांनीं लाल रंगानें बाण काढून ठेवला. तो अद्याप पुसट दिसतो.

उन्हाळ्यांत बोरघाट चढतांना पेट्रोलची नळींतच वाफ होई व गाडी मध्येंच थांबे. यासाठीं एक पंचा व पाण्याची कळशी नेहमीं बरोबर असे. पंपावर ओला पंचा गुंडाळावयाचा, उतारूंनीं झाडाखालीं बसावयाचें, आणि पाव घटका धीर धरावयाचा. सुटे भाग परदेशांतून येणें दुर्मिळ झालें होतें; कुर्ल्याच्या कारखान्यानेंही १९५४ पासून फियाटच्या लहान गाडीस हात घातला होता. मग जो भाग मिळेना तो पनवेलच्या लेथवर उतरूं लागला. झिजलेल्या बुशी कांशाच्या पुन्हां कातून घेतल्या, स्प्रिंगचें पान लोहाराकडून वाढविलें, खिडकीची मूठ दुसऱ्याच गाडीची बसविली. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हां मूळ इंजिनच काढून त्या जागीं डिझेलचें बसविलें. "मास्तर," आजोबा म्हणाले, "गाडीचं काळीज बदललं, पण तिनं भाडं कधी चुकवलं नाही."

१९७३ मध्यें खाडीवरचा पूल होईपर्यंत पनवेलहून मुंबईस जावयाचें तर ठाण्याचा फेरा पडे. रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्यास घेऊन ही गाडी त्या वाटेनें कित्येकदां गेली, आणि अशा फेऱ्यांचें भाडें त्यांनीं घेतलें नाहीं, असें शेजारी सांगतात. ते स्वतः त्याविषयीं कांहीं बोलले नाहींत. मात्र निळ्या पुठ्ठ्याची एक वही त्यांनीं आमच्या हातीं दिली. तींत १९६६ पासून १९९४ पर्यंत प्रत्येक दुरुस्तीची तारीख, कारण, मिस्त्रीचें नांव व खर्चलेले रुपये लिहिलेले आहेत. चुकलेल्या दुरुस्त्याही लिहिल्या आहेत, व त्यांपुढें फुली आहे.

आतां अमेरिकेंत या नांवाचें काय झालें तें पाहावें. एकाच घरांतून निघणाऱ्या प्लिमथ व डॉज यांतील भेद वर्षानुवर्षें कमी होत गेला. १९९४ सालीं निघालेली 'निऑन' ही गाडी तर दोन्ही नांवांनीं विकली जात असे, आणि नांवाची पट्टी झांकली तर कोणती कोणाची हें ओळखणें कठीण होतें. गिऱ्हाइकानें प्लिमथच कां घ्यावी, याचें उत्तर विकणारापाशीं उरलें नाहीं. १९९८ सालीं क्रायस्लर व जर्मनीची डेमलर या कंपन्या एकत्र आल्या, १९९९ सालीं नांव बंद करण्याचें जाहीर झालें, आणि २००१ सालीं शेवटची प्लिमथ बाहेर पडली. डिसोटो हें नांव तर १९६० च्या अखेरीसच संपलें होतें. याप्रमाणें जन्मभूमींत नांव होतें तोंवरच त्याचा अर्थ नाहींसा झाला. आणि इकडे पनवेलींत, जिच्या अंगावर मूळचे भाग फारसे उरले नाहींत अशी एक प्लिमथ, कारखान्याच्या मदतीवांचून, आपलें काम बिनचूक करीत राहिली.

नातवानें या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होईल काय याची चौकशी केली होती. मध्यवर्ती सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमाप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाडीस असा मान व निराळा क्रमांक मिळतो. परंतु ती मूळ स्वरूपांत राखलेली असावी, तिचा सांगाडा, बाहेरील कवच अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अर्थात् आमची प्लिमथ तेथेंच बाद झाली. एखाद्या संस्थानिकाच्या पागेंत वर्षांतून दोनदां बाहेर निघणारी गाडी या कसोटीस उतरेल. जिनें अठ्ठावीस वर्षें घाट चढून माणसें पोहोंचविलीं ती उतरणार नाहीं.

आम्ही नियमास दोष देत नाहीं. कोठें तरी रेषा आंखावी लागते, आणि मूळ वस्तु जशीच्या तशी राखणें हेंही इतिहासाचें काम आहे. जुन्या डिझेलच्या धुरानें आजच्या गजबजलेल्या रस्त्यावरील लेंकरांचे श्वास कोंडावे, असेंही आम्ही कधीं म्हणणार नाहीं. ही गाडी रस्त्यावर पुन्हां येऊं नये हेंच योग्य. आमचा आक्षेप निराळ्या समजुतीस आहे. सरकारी कसोटींत न बसणारी वस्तु कवडीमोल, आणि दुरुस्त केलेली वस्तु म्हणजे बिघडलेली वस्तु, असें आपण मानूं लागलों आहों. आमचे विद्यार्थी घड्याळ वा पंखा बंद पडतांच नवा मागतात. तो उघडून पाहावा हें त्यांच्या मनांत येत नाहीं. हातास काळें लागणें त्यांस कमीपणाचें वाटतें, आणि हें त्यांस आम्हीं शिक्षकांनींच शिकविलें आहे, हें कबूल केलें पाहिजे. वर्गांत मागें पडणाऱ्या मुलास "गॅरेजांत जाशील" असें धाक घालणारे शब्द आमच्याही तोंडून गेले आहेत. ती वही वाचल्यावर त्या शब्दांची आम्हांस लाज वाटते.

वस्तुतः पनवेलकरांस तरी ही लाज नसावी. हें गांव एके काळीं बैलगाड्यांच्या चाकांसाठीं प्रसिद्ध होतें. येथील सुतारांनीं घडविलेलीं चाकें कोंकणांत व घाटावर फिरत. लेथवर बुशी कातणारा मिस्त्री त्याच परंपरेंतला. आणि आम्हां ख्रिस्ती लोकांस तर प्रभूचीं तरुणपणाचीं वर्षें सुताराच्या दुकानांत गेलीं, एवढें स्मरण पुरेसें आहे. यिर्मया संदेष्ट्यास देवानें कुंभाराच्या घरीं पाठविलें, तेथें त्यानें बिघडलेलें पात्र फेकून दिलेलें पाहिलें नाहीं. त्याच मातीचें पुन्हां घडविलेलें पाहिलें.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापकांस आमची विनंती आहे. कार्यशाळेच्या मागील पत्र्याची पडवी रिकामी आहे. आजोबांची संमति आम्हीं घेतली आहे. गाडी ओढून आणण्याचा खर्च माजी विद्यार्थ्यांनीं उचलावा अशी त्यांस विनंती आहे. जागा अडेल, गंज चढेल, मुलें बोटें चेमटून घेतील, हे आक्षेप आम्हांस दिसतात. परंतु पडवींत आज मोडकीं बांकें आहेत. गंज काढणें हाच पहिला धडा होईल. आणि बोटांची काळजी घेण्यास शिक्षक आहेत. आठवड्यांतून एक तास नववीच्या मुलामुलींनीं ती गाडी उघडावी, तिचे ब्रेक कसे चालतात तें पाहावें, आणि निळ्या वहीची एक स्वच्छ प्रत करावी. पुष्कळ पुस्तकांतून जें शिकविणें जमत नाहीं तें त्या वहींतील फुल्या शिकवितील.

नातवास आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, तारूं काढूं नये. तें गाडीवरच शोभतें. आणि काढावयाचेंच ठरलें, तर त्याच्या अगोदर त्यानें आजोबांस अंगणांत आणावें, व डाव्या चाकावरील बाणाकडे बोट करून बोल्ट कोणत्या बाजूस सुटतो तें त्यांच्याच हातून एकदां शिकून घ्यावें. पावसाळ्यास अद्याप कांहीं आठवडे आहेत.