सातच्या पुढे जाऊ नका

डिप्लोमाला असताना ‘सी’च्या प्रॅक्टिकलला फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम होता. टर्बो सीचा निळा स्क्रीन, त्यावर पिवळी अक्षरं, कंट्रोल-एफ-नाइन दाबलं की आउटपुट. पाच टाकलं, १२० आलं. सात टाकलं, ५०४० आलं. शेजारच्या पोरानं आठ टाकलं आणि उत्तर आलं उणे २५२१६.

आम्ही सरांना बोलावलं. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. म्हणाले, “सातच्या पुढे जाऊ नका. एक्स्टर्नलसमोर तर पाचच टाका.”

आम्ही जर्नलमध्ये पाचचं आउटपुट उतरवलं, सही घेतली आणि कँटीनला गेलो.

आठचा फॅक्टोरियल ४०३२०. टर्बो सीमधला इंट १६ बिटचा, त्याची धाव ३२७६७ पर्यंत. त्यापुढे आकडा उलटून उणे बाजूला जातो; ४०३२० मधून ६५५३६ वजा करा, बरोबर उणे २५२१६. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मला सरांचा राग नाही. त्यांनाही त्यांच्या सरांनी ‘पाचच टाका’ असंच सांगितलेलं असणार. माझा राग आहे तो या पद्धतीवर. मशीन काहीतरी सांगायला बघतंय आणि आपण पोरांना शिकवतोय की तिकडे बघू नका.

आता मी चितेगावात, पैठण रस्त्यावरच्या एका लहान युनिटमध्ये कामाला आहे. सुकवणीच्या मशीनला लागणारे कंट्रोलर बोर्ड आम्ही बनवतो. त्यात एव्हीआर जातीची स्वस्त चिप असते आणि तिच्यात सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. एका गिऱ्हाइकाला ब्लोअर तीस सेकंदांऐवजी चाळीस सेकंद चालायला हवा होता. मी कोडमध्ये ३० गुणिले १००० होतं तिथं ४० गुणिले १००० केलं, बोर्डावर चढवलं, पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन: ब्लोअर थांबतच नाही.

या चिपवरही इंट १६ बिटचाच. ४०००० त्यात मावत नाही, तो झाला उणे २५५३६. पुढे वेळ मोजणाऱ्या फंक्शनमध्ये हा उणे आकडा बिनचिन्हाच्या ३२ बिटमध्ये गेला आणि झाला ४२९४९४१७६० मिलिसेकंद. म्हणजे जवळपास पन्नास दिवस. ब्लोअर पन्नास दिवस चालणार होता. निळ्या स्क्रीनवरचा आठ मला चितेगावात येऊन पुन्हा भेटला.

आता खरी गोष्ट ऐका. कंपायलरला ही चूक दिसली होती. जीसीसीला काहीही न सांगता असा गुणाकार दिला, तरी तो ‘या राशीत इंटिजर ओव्हरफ्लो होतोय’ असा इशारा देतो. मला तो दिसला नाही, कारण आम्ही वापरायचो ते सॉफ्टवेअर पडद्यामागे कंपायलरला एक ऑप्शन देत होतं: हायफन आणि लहान डब्ल्यू. त्याचा अर्थ, सगळे इशारे बंद. सेटिंगमध्ये वॉर्निंग ‘नन’वर होत्या आणि ते सेटिंग मी कधी उघडलंच नव्हतं. चूक माझीच. मला कंपायलर म्हणजे एक बटण वाटत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: कंपायलर हे बटण नाही. तो ऐकतो आणि बोलतो. त्याच्याशी बोलायची भाषा म्हणजे कमांड लाइनवरचे ऑप्शन. ती भाषा न शिकवता ‘सी शिकवलं’ म्हणणं ही फसवणूक आहे.

ही भाषा अवघड नाही. ‘जीसीसी’ लिहा, फाइलचं नाव लिहा, त्याच ओळीत हायफन देऊन ऑप्शन. -ओ (लहान) दिला की तयार प्रोग्रॅमला तुम्ही म्हणाल ते नाव मिळतं. -जी दिला की डिबगरला लागणारी माहिती आत राहते. -एसटीडी दिला की सीच्या कोणत्या प्रमाणाने चालायचं ते ठरतं: १९८९, १९९९, २०११ की त्यानंतरचं. -ई (मोठा) दिला की कंपायलर पहिल्या पायरीवरच थांबतो आणि तुमच्या पाच ओळींच्या प्रोग्रॅममध्ये स्टडीआयओच्या फाइलमधून किती शेकडो ओळी येऊन बसल्या ते दाखवतो. -एस (मोठा) दिला की असेंब्ली दिसते. -सी दिला की लिंक करण्याआधी थांबतो. प्रीप्रोसेसर, कंपायलर, असेंबलर, लिंकर या चौकटी आपण परीक्षेत पाच मार्कांसाठी काढतो. तीन ऑप्शन टाइप केले की ती आकृती समोर घडताना दिसते. पण आपण आकृती पाठ करतो आणि ऑप्शन टाइप करत नाही.

आणि मग -वॉल. हायफन, मोठा डब्ल्यू आणि ‘ऑल’. लहान डब्ल्यू कंपायलरचं तोंड बंद करतो, हा उघडतो. नाव ‘ऑल’ असलं तरी यात सगळे इशारे येत नाहीत. आणखी हवे असतील तर -डब्ल्यूएक्स्ट्रा जोडायचा. फॅक्टोरियलची चूक मात्र यानेही पकडली जात नाही, कारण ती प्रोग्रॅम चालताना घडते. तिच्यासाठी -एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड आहे. आजच्या लॅपटॉपवर इंट ३२ बिटचा असतो, तिथं बारापर्यंत उत्तर बरोबर येतं. तेरा टाकलं की गुपचूप १९३२०५३५०४ छापलं जातं. उणे नाही, दिसायला अगदी खरं वाटणारं आणि साफ चुकीचं. हा ऑप्शन दिला असेल तर प्रोग्रॅम ओळ क्रमांकासह सांगतो की ४७९००१६०० गुणिले १३ इंटमध्ये मावत नाही. सरांनी दोन मिनिटांत सांगायला हवं होतं ते कंपायलर एका ओळीत सांगतो.

यावर जी उत्तरं मिळतात ती मला पाठ आहेत.

पहिलं: “टर्बो सी जुना आहे, दोष त्याचा.” नाही. टर्बो सी १९८७ साली आला तेव्हा भन्नाट वेगवान होता, लहानशा मशीनवर चालायचा. त्याच्या बिन फोल्डरमध्ये टीसीसी नावाचा कमांड लाइनवर चालणारा कंपायलर शेजारीच पडलेला असायचा. निळ्या स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर तर ‘ऑप्शन्स’ असा सरळ मेनू होता. आपण तो कधी उघडायचो? स्टडीआयओ सापडत नाही म्हणून ‘डिरेक्टरीज’चा पाथ दुरुस्त करायला. बाकीच्या मेनूत काय आहे, हे विचारायची पद्धत नव्हती. पुस्तकांनाही दोष देता येत नाही. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर कितीतरी पिढ्या शिकल्या. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत लिनक्सवरच्या सीचं प्रकरणही आलं. पण शेवटची प्रकरणं ‘पोर्शनमध्ये नाहीत’ म्हणून आपण ती उलटलीच नाहीत.

दुसरं: “आपल्याकडे हे शिकवणार कोण?” मुंबईत पवईला आयआयटीमध्ये उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीचं पोट उघडून अभ्यास झाला, हा कंपायलर आतून कसा चालतो यावर कार्यशाळा झाल्या. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात टर्मिनलवर जीसीसीची कमांड टाइप करून सी शिकवणारे धडे आहेत, मराठी आवाजातही, फुकट. त्यामुळे शिकवणारं कुणी नाही, हे खरं नाही. पवई ते पैठण रस्ता एवढं अंतर मात्र खरं आहे, आणि ते आपल्याच आळसानं वाढवलंय.

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त टोचतं: “आमच्या पोरांकडे लॅपटॉप कुठं आहेत?”

माझी मामेबहीण फर्स्ट इयरला आहे. तिच्याकडे लॅपटॉप नाही, फोन आहे. “दादा, माझा लाइट बिलाचा प्रोग्रॅम कधी बरोबर येतो, कधी काहीही छापतो,” म्हणाली. फोनमधल्या एका अॅपवर रन दाबून ती बघत होती. म्हणजे निळा स्क्रीनच, नव्या कपड्यांत. मी तिच्या फोनवर एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स घेतलं, क्लँग इन्स्टॉल केला. हा दुसरा कंपायलर, पण -वॉलसारखे ऑप्शन तेच. तिला म्हटलं, फाइलच्या नावाआधी फक्त -वॉल लिही.

क्लँगनं सांगितलं की अमुक ओळीवरची ‘इफ’ची अट खोटी ठरली तर ‘बिल’ या व्हेरिएबलमध्ये काही न भरताच ते वापरलं जातंय. तिनं शंभर युनिटपर्यंतचा दर लिहिला होता, तीनशेपर्यंतचा, पाचशेपर्यंतचा. पाचशेच्या पुढचा ‘एल्स’ राहिला होता. त्या वाटेनं गेलं की मेमरीत जो कचरा असेल तो बिल म्हणून छापला जायचा.

तिनं मेसेज दोनदा वाचला. मग म्हणाली, “हे त्याला माहीत होतं? मग आधी का नाही सांगितलं?”

आपण विचारलंच नव्हतं.

तेव्हा लॅपटॉपचं कारण पुढे करू नका. टर्मक्सही जड वाटत असेल तर ब्राउझरमध्ये कंपायलर एक्सप्लोरर उघडा. त्यात कंपायलरच्या ऑप्शनसाठी वेगळी चौकटच आहे. या पोरांच्या खिशात आहे ती ताकद आमच्या अख्ख्या लॅबमध्ये नव्हती. राहिलीय ती फक्त एक ओळ सांगायची.

चौथं उत्तर ताजं आहे: “आता एआय कोड लिहून देतो, ऑप्शन कशाला?” उलट आताच जास्त हवेत. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये निदान आपण कुठं घाई केली ते आठवतं. दुसऱ्यानं लिहिलेला कोड दिसायला देखणा असतो आणि त्यातला राहिलेला ‘एल्स’ डोळ्याला दिसत नाही. तो कोड तपासायला दाराशी एक खडूस माणूस बसवायला हवा. -वॉल -डब्ल्यूएक्स्ट्रा हा तो माणूस. तो फुकट आहे, झोपत नाही आणि कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

मग काय करायचं? सिलॅबस बदलायची वाट बघू नका. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘आउटपुट’च्या आधी एक ओळ वाढवा: ‘कंपाइल केलेली कमांड’. त्यात -वॉल नसेल तर सही नाही. तोंडी परीक्षेत ‘सी कुणी शोधली’ विचारण्याऐवजी एक वॉर्निंग समोर ठेवा आणि विचारा, हिचा अर्थ काय? आणि फॅक्टोरियलच्या प्रॅक्टिकलला पोरांना मुद्दाम सांगा की उत्तर बिघडेपर्यंत आकडा वाढवत न्या. कुठं बिघडलं ते लिहा, का बिघडलं ते लिहा. मार्क त्याला द्या.

आमच्या युनिटमध्ये ते ‘नन’चं सेटिंग आता ‘ऑल’वर आहे. पहिल्याच दिवशी जुन्या कोडमध्ये सदतीस वॉर्निंग निघाल्या. मालक मागे उभे होते, म्हणाले, “एवढ्या चुका कुठून आल्या?” म्हटलं, आल्या नाहीत, होत्याच. त्यातल्या एकवीस मी मिटवल्यात. उरलेल्या सोळांची यादी भिंतीवर चिकटवलीय.