शांती एकट्याची नसते

मनःशांती हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मुलांच्या परीक्षा आटोपल्या, घरातले दुखणे बरे झाले, निवृत्तिवेतनाचे कागद मार्गी लागले, की ‘आता मन शांत झाले’ असे म्हणून मोकळे होतो. खरे पाहता ही केवळ विश्रांती होय. पुढची काळजी दारात येईपर्यंतच तिचा मुक्काम. जिच्यासाठी माणूस घरदार, गोत आणि लौकिक पणाला लावतो ती शांती निराळीच असली पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रात तिचा माग लागतो.

१८९३ साली टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यातील एका युरोपियन गृहस्थाशी संभाषण रंगले आणि त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली. रोज थोडे वाचीन, एवढाच शब्द टिळकांनी दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळले. वैऱ्यावरही प्रेम करण्याची ती शिकवण त्यांच्या अस्वस्थ चित्ताला विसावा देऊन गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा पाठ वर्गात शिकवीत असता एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, त्यांना शांती मिळाली, पण लक्ष्मीबाईंची शांती गेली, तिचे काय?” मी क्षणभर निरुत्तर झालो. प्रश्न रास्त होता. पतीच्या धर्मांतराने त्या माउलीवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे तिला पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने काढावी लागली. एकाच्या समाधानाचे मोल दुसऱ्याने अश्रूंनी चुकवावे, याला शांती म्हणावे काय?

या प्रश्नाचे उत्तर टिळकांच्या उपदेशात सापडणार नाही. ते त्यांच्या पुढील संसारात सापडते. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळे-ओवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. एका छपराखाली दोन आचार नांदू लागले. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या बुद्धीने केला, आपल्या मनाने सोवळे सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा तापटपणा लपविलेला नाही, हाती पैसा न टिकण्याची खोडही लपविलेली नाही. म्हणूनच त्यांच्या साक्षीला वजन आहे. श्रद्धेने टिळकांचा स्वभाव पार पालटला नाही. पण त्यांच्या घराचे दार मात्र सताड उघडले. अनाथ, विद्यार्थी, कवी यांना तेथे आसरा मिळाला. बालकवी ठोंबरे त्या घरात राहिले आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यांच्यावरील माया त्यामुळे उणी झाली नाही.

आपल्याला गवसलेले दुसऱ्याला द्यावे, ही टिळकांची तळमळ मोठी होती. त्यासाठी त्यांनी कीर्तनाची आणि अभंगाची वाट धरली. तुकोबांचे ऋण तर ते मोकळ्या मनाने मानीत. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावून घ्यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एके काळी ज्या श्रद्धेने संसार मोडला होता, तिचेच गान पत्नीने पुरे करावयास घ्यावे, याहून मोठी साक्ष कोणती?

त्या विद्यार्थिनीला आज मी सांगेन, “बाळ, तुझी शंका खरी होती. त्या बाईचे दुःख कोणत्याही समाधानाने पुसले जात नाही. परंतु शांती दुसऱ्याच्या पदरात बळेच टाकता येत नाही, हेही त्याच घराने दाखविले. ती आपल्या घरात नांदवावी, दार उघडे ठेवावे आणि वाट पाहावी.”

परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणा मराठी माणसांच्या आळीत देऊळ, मशीद आणि चर्च एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात. शेजाऱ्याची श्रद्धा आपली नसेल. पण त्याच्या घरातील शांती आपल्या अंगणापर्यंत पोहोचते की नाही, आणि आपली त्याच्या अंगणापर्यंत, एवढे तरी प्रत्येकाने पडताळून पाहावे.