गर्दी जमेल, विश्वासाचे काय?

जत्रेत आधी हातचलाखी आणि मग औषधविक्री, ही रीत जुनीच. आता ती आपल्या प्रदर्शनांतील स्टॉलवरही दिसू लागली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोल्हापुरातील एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने पिवळे पाणी क्षणात तांबडे करून दाखविले आणि ‘रक्तशुद्धी’चे चूर्ण खपविले. हळदीत चुन्याची निवळी घातली की रंग पालटतो, हे आपण सारे जाणतो. पण निवळी साध्या पाण्यासारखीच दिसत असल्याने गर्दीस उमगले नाही. आमच्या एका मधुमेही रुग्णाने ते चूर्ण घेऊन चालू गोळ्या सोडल्या. पंधरवड्यात साखर इतकी वाढली की त्यास रुग्णालयात दाखल करावे लागले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ११ व्या अध्यायात, छद्मचर वैद्याचे वर्णन आहे : औषधांची भांडी, ग्रंथ यांचा नुसता देखावा मांडणारा. जादूच्या आधारे औषध विकणारा याहून निराळा कसा? १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीस मनाई करतो; तथापि कायद्याच्या धाकापेक्षा आपले व्रत मोठे.

करमणुकीस आमचा विरोध नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्तेही असे प्रयोग करतात. मात्र शेवटी त्यामागील रहस्य सांगतात. आपल्या स्टॉलवरही तेच व्हावे. रंग का पालटला ते सांगावे, औषधाचे घटक सांगावेत आणि चालू उपचार परस्पर बंद करू नयेत, असे बजावावे. गर्दी थोडी कमी होईल. आलेला माणूस मात्र पुन्हा येईल.