लिंबू-टिंबू नको, हँडिकॅप द्या!

७ ऑगस्ट २०२१ हा दिवस आपल्याला नीरज चोप्राच्या भाल्यामुळे लक्षात आहे. पण त्याच शनिवारी सकाळी सकाळी कित्येक घरांमध्ये चक्क गोल्फ बघितला जात होता. ज्यांना ‘बर्डी’ म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, ते लोक अदिती अशोकच्या प्रत्येक पटला श्वास रोखून बसले होते. तिचं पदक अवघ्या एका फटक्याने हुकलं आणि ती चौथी आली. पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिम्पिकमध्ये खेळून आला. मग दोन दिवस चर्चा झाली आणि गोल्फ पुन्हा आपल्यासाठी ‘बड्या लोकांचा खेळ’ झाला.

त्यात फारसं चूक नाही. आपल्याकडे गोल्फ म्हणजे क्लब, मेंबरशिप आणि उंच कुंपण. पण आज मला ज्या गोल्फबद्दल बोलायचंय तो टीव्हीवर दिसत नाही. अमेरिकेत सुमारे १६ हजार गोल्फ कोर्स आहेत आणि त्यातले बहुतेक कोणालाही पैसे भरून खेळता येण्यासारखे आहेत. काही तर नगरपालिकेच्या मालकीचे. तिथे उन्हाळ्यात आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी ‘मेन्स लीग’ रंगते. प्लंबर, शाळामास्तर, बँकेतला क्लार्क, निवृत्त पोस्टमन असे सगळे कामावरून थेट कोर्सवर येतात. अठरा नाही, नऊच होल खेळतात, कारण अंधार पडायच्या आत संपवायचं असतं. दोन-सव्वादोन तासांचा मामला. एप्रिल-मे ते ऑगस्ट-सप्टेंबर, दर आठवड्याला, न चुकता.

यात विशेष काय? विशेष हे की, यातल्या बहुतेकांना गोल्फ बऱ्यापैकी वाईट येतो. तरीही ते वर्षानुवर्षं येत राहतात. आणि माझं म्हणणं असं आहे की, यामागे निव्वळ हौस नाही, लीग चालवण्याची एक पद्धत आहे. ती पद्धत आपल्या कॉलेजच्या जिमखान्यांनी उचलायला हवी.

‘कच्चा’ खेळाडूचा हिशेब

गल्लीतलं क्रिकेट आठवा. लहान भावाला घेतल्याशिवाय आई खेळायला सोडायची नाही. मग त्याला ‘लिंबू-टिंबू’ म्हणून घ्यायचं. तो पळणार, बॉल आणणार, बॅटिंगही करणार. पण त्याचं आऊट होणं धरायचं नाही आणि रनही धरायचे नाहीत. वरवर बघितलं तर दया, पण खरं म्हणजे अपमानच. कारण तो खेळात आहे, पण हिशेबात नाही.

गोल्फने याच प्रश्नाचं वेगळं उत्तर शोधलं. त्याला म्हणतात हँडिकॅप. शब्दावर जाऊ नका, कल्पना बघा. प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण व्हायला हवं याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला ‘पार’ म्हणतात. नऊ होलचा पार साधारण ३६ असतो. तुम्ही नेहमी पारपेक्षा किती जास्त फटके घेता, त्यावरून तुमचा हँडिकॅप ठरतो. २०२० पासून जगभर यासाठी एकच पद्धत लागू झाली. तुमच्या शेवटच्या २० खेळांपैकी सर्वोत्तम ८ धरून आकडा काढतात, आणि तो जास्तीत जास्त ५४ असू शकतो. म्हणजे अगदी नवख्यालाही आकडा मिळतो.

समजा, नऊ होलसाठी एकाचा हँडिकॅप ३ आहे आणि दुसऱ्याचा १२. पहिल्याने ४० फटके घेतले, दुसऱ्याने ४७. उघडच पहिला चांगला खेळाडू. पण हँडिकॅप वजा केला की पहिल्याचे होतात ३७ आणि दुसऱ्याचे ३५. त्या संध्याकाळी दुसरा जिंकला! का? कारण तो स्वतःच्या नेहमीच्या खेळापेक्षा चांगला खेळला. यात कोणी त्याला फुकट काही दिलेलं नाही. त्याचा प्रत्येक फटका मोजला गेलाय. पुढच्या वेळी तो असाच खेळत राहिला, तर त्याचा हँडिकॅप कमी होईल आणि त्याला आणखी सुधारावं लागेल. लिंबू-टिंबू आणि हँडिकॅप यांत हाच फरक आहे.

दर बुधवारी नवा खेळ

पण नुसता हँडिकॅप पुरत नाही. वीस आठवडे तेच ते मोजत बसलं तर कोणीही कंटाळेल. म्हणून चांगली लीग चालवणारे खेळाचा प्रकार बदलत राहतात. मैदान तेच, काठ्या त्याच, माणसं तीच. नियम तेवढे वेगळे.

एका आठवड्यात ‘मॅच प्ले’. इथे एकूण फटके मोजत नाहीत. समोरच्याशी एकेका होलची लढत, जो जिंकला त्याला एक गुण. पहिल्याच होलवर चेंडू तळ्यात गेला आणि नऊ फटके लागले, तरी तुम्ही फक्त एक होल हरलात. पुढच्या टीवर पाटी कोरी.

पुढच्या आठवड्यात ‘स्क्रॅम्बल’. चौघांची टीम. चौघेही फटका मारतात, त्यातला सगळ्यात चांगला चेंडू निवडतात आणि पुढचा फटका चौघेही तिथूनच मारतात. इथे सगळ्यात कच्च्या खेळाडूचा एखादा लांबलचक पट आत गेला की अख्खी टीम नाचते. एरवी ज्याचा खेळ कोणी बघत नाही, तो त्या दिवशी हिरो असतो.

कधी ‘बेस्ट बॉल’. जोडीदारांनी आपापला चेंडू खेळायचा, ज्याचा स्कोअर कमी तो टीमचा. कधी एकाच चेंडूवर आळीपाळीने फटके. हा प्रकार मैत्रीची परीक्षा घेणारा आहे, कारण तुम्ही झाडीत घातलेला चेंडू जोडीदाराला काढावा लागतो! गंमत म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका या रायडर कपमध्येही हेच प्रकार खेळतात. तिथल्या २८ सामन्यांपैकी ८ आळीपाळीचे, ८ बेस्ट बॉलचे आणि १२ एकास एक. म्हणजे हे ‘टाइमपास नियम’ नाहीत. आणि ‘स्किन्स’च्या आठवड्यात प्रत्येक होलला वेगळं बक्षीस. बरोबरी झाली की ते पुढच्या होलवर जमा होत जातं आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

मला यातला सगळ्यात आवडणारा प्रकार एका सर्जनने शोधलाय. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड हे इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबचे सभासद. तिथे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात सुरुवातीच्याच होल्सवर लोकांचा स्कोअर बिघडायचा आणि उरलेला खेळ रडतखडत व्हायचा. मग १९३२ मध्ये त्यांच्या पद्धतीने तिथे स्पर्धा झाली. फटक्यांऐवजी गुण. पारला २, एक फटका जास्त झाला तर १, पारपेक्षा एक कमी केला तर ३, आणि दोन किंवा अधिक फटके जास्त झाले तर शून्य. शून्याच्या खाली काही नाही! एखादं होल पार बिघडलं की चेंडू खिशात टाका आणि पुढे चला. मागच्या लोकांचाही खोळंबा नाही. आज जगभरच्या क्लबमध्ये स्टेबलफोर्ड खेळतात. नियम बदलून माणसाला हुरूप देता येतो, हे या डॉक्टरांनी ओळखलं होतं.

वही सांभाळणारा माणूस

हे सगळं आपोआप होत नाही. प्रत्येक लीगमागे एक सेक्रेटरी असतो, बहुतेकदा बिनपगारी. सीझन सुरू होण्याआधी वर्गणी गोळा करणं, जोड्या लावणं, येऊ न शकणाऱ्याच्या जागी बदली माणूस शोधणं, पावसाने गेलेल्या संध्याकाळचं काय करायचं ते ठरवणं, दर आठवड्याला हँडिकॅप नव्याने काढणं ही सगळी त्याची कामं. माणसं खूप झाली की तो ‘शॉटगन स्टार्ट’ लावतो. म्हणजे सगळे गट वेगवेगळ्या होल्सवरून एकाच वेळी सुरू करतात आणि एकाच वेळी संपवतात. मग एकत्र खाणंपिणं आणि निकालाची चेष्टामस्करी.

शहाणा सेक्रेटरी आणखी एक पथ्य पाळतो. कुठल्या आठवड्यात कुठला प्रकार, हे तो पहिल्याच दिवशी कागदावर देतो. ऐनवेळी नियम बदलले की ‘आपल्या माणसाला जिंकवायला केलं’ अशी कुजबुज सुरू होते. गॅदरिंगची कमिटी ज्यांनी जवळून बघितलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘मग जिंकण्याला अर्थ काय?’

हा प्रश्न येणारच. कच्च्यांना एवढं सांभाळून घेतलं तर चांगल्या खेळाडूचं काय? सोपं उत्तर असं की, लीगमध्ये हँडिकॅपशिवायचा स्कोअरही नोंदवता येतो. सगळ्यात कमी फटके कोणी घेतले हे सगळ्यांना कळतं आणि त्याचा मान त्याला मिळतो. एक जास्तीचा निकाल लागला म्हणून पहिला निकाल पुसला जात नाही.

लबाडी होते का? होते. मुद्दाम खराब खेळून हँडिकॅप वाढवून ठेवणारे महाभाग तिथेही आहेत. अशांना तिकडे ‘सँडबॅगर’ म्हणतात आणि ते फार नावडते असतात. त्यावर इलाज म्हणजे प्रत्येक खेळाची नोंद आणि संशय आला तर हँडिकॅप कमी करायचा कमिटीला अधिकार. तरी मुळात हा खेळ विश्वासावर चालतो. अंपायर नसतो, एकमेकांचं कार्ड एकमेकांनी भरायचं असतं.

मला खटकते ती दुसरी गोष्ट. ‘मेन्स’ हा शब्द. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचा निर्णय २०१४ मध्ये घेतला, अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलने २०१२ मध्ये. म्युरफील्डच्या क्लबने २०१६ मध्ये नकार दिला, ओपन स्पर्धेचं यजमानपद जाणार हे दिसलं आणि २०१७ मध्ये होकार आला! जो खेळ ३ आणि १२ हँडिकॅपवाल्यांना बरोबरीने उभं करतो, त्याला स्त्री-पुरुषांना एका मैदानात आणणं काय अवघड? टीच्या जागा वेगळ्या असल्या तरी हिशेबाची सोय आहेच. म्हणून उचलायची ती पद्धत, पाटीवरचं ‘मेन्स’ तिथेच राहू दे.

आता आपला बुधवार

आपल्या कॉलेजात खेळतं कोण? टीममधले पंधरा जण. बाकीचे अकरावीत उत्साहाने ट्रायल देतात, सिलेक्शन होत नाही आणि मग थेट टाळ्या वाजवायला उरतात. डिग्रीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पाच मिनिटं पळालं तरी धाप लागते. यांना खेळ आवडत नव्हता असं नाही. दर आठवड्याला यावं असं कारण कोणी दिलंच नाही.

यासाठी गोल्फ कोर्स लागत नाही. टेबल टेनिसमध्ये ११ गुणांच्या गेमला कच्च्या खेळाडूला ४-० वर सुरुवात द्या. तो सलग जिंकायला लागला की ३-० करा. टर्फवरच्या क्रिकेटमध्ये इनडोअर क्रिकेटचा नियम लावून बघा. तिथे आठ जणांची टीम असते, जोडीने चार ओव्हर बॅटिंग करायची, आऊट झालात तर पाच रन वजा, पण बॅटिंग चालूच. आणि प्रत्येकाला बॉलिंग करावीच लागते. कोणी फक्त बाउंड्रीवर उभं राहत नाही. कॅरममध्ये एका आठवड्यात जोड्या, पुढच्या आठवड्यात एकेरी, तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या टाकून जोडीदार. मुलं-मुली एकत्र.

जिमखान्याच्या सरांकडे वेगळं बजेट मागू नका. एक वार ठरवा, एक वही घ्या, सहा आठवड्यांचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लावा आणि वही सांभाळायला आळशी नसलेला एक मित्र किंवा मैत्रीण गाठा. पहिल्या आठवड्यात बारा जण येतील. सहाव्या आठवड्यात त्यातला सगळ्यात कच्चा खेळाडू अजून येतोय का, तेवढं बघा. तो येत असेल, तर लीग चाललीय.