दरीत अजून मका पिकतो
अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ‘कॅन्यन द शे’ नावाची लाल खडकांची दरी आहे. नाव ऐकायला फ्रेंच वाटतं, पण मूळ शब्द इथल्या मूळनिवासी नावाहो लोकांचा ‘त्सेयी’; स्पॅनिश जिभेवरून घसरत त्याचं हे असं झालं. १९३१पासून ही दरी राष्ट्रीय स्मारक आहे, जमीन मात्र आजही नावाहोंचीच. म्हणून पर्यटकाने कड्यावरून खुशाल डोकवावं. तळाशी उतरायचं तर सोबत नावाहो वाटाड्या हवा. कपारीत बसवलेलं ‘व्हाइट हाउस’ म्हणजे पांढऱ्या गिलाव्याची जुनी वस्ती (वॉशिंग्टनमधल्या घराहून कैक शतकं जुनी!). ती बांधणारे प्युब्लो लोकांचे पूर्वज १३००च्या सुमारास दरी सोडून गेले. पुढे नावाहो आले, त्यांनी पीचच्या बागा जोपासल्या. १८६४मध्ये अमेरिकी सैन्यातल्या किट कार्सनच्या मोहिमेत सैनिकांनी ती हजारो झाडं तोडली आणि माणसांना शेकडो मैल पायी हाकललं. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८च्या तहानंतर ती माणसं परतली. आज पडक्या भिंतींकडे कॅमेरा रोखणाऱ्याच्या पाठीमागे कुणाचा तरी मका डोलत असतो, आणि त्या शेताचा फोटो हवा असेल तर आधी मालकाला विचारावं लागतं.