पगार एकच, मग समाधान कमी-जास्त का?

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. तहसीलदाराची वेतनश्रेणी सगळीकडे एकच. पण मलकापूर, शेगावला रेल्वे आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरला नाही. मुलांची शाळा, घरच्यांचे दवाखाने यांचा हिशेब नेमणुकीच्या गावावर ठरतो.

कायदा काय सांगतो?
राज्याच्या २००५च्या बदली कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षांचा. मात्र विशेष कारणे लेखी नोंदवून, वरिष्ठांच्या मान्यतेने मुदतपूर्व बदली करता येते.

सामान्यांना फरक काय?
उद्या इथे असू की नाही, याची खात्री नसलेला अधिकारी पाणंद रस्त्याचा जुना वाद हाती घ्यायला कचरतो. बदली झाली की नवा अधिकारी फाईल पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो. शेतकऱ्याला मिळते पुढची तारीख.