आधी माळ्याच्या पगाराचं बोला



सात वर्षांपूर्वी प्लॉट घेताना मला दाखवलेल्या नकाशात एक हिरवा चौकोन होता. ‘काका, इथं गार्डन येणार,’ एजंटाने त्यावर बोट ठेवून सांगितलं होतं. आज तिथे गिट्टीचा ढीग आहे, दोन ट्रॉल्या उभ्या असतात आणि पावसाळ्यात गाजरगवत कमरेला लागतं. ले-आउटवाला केव्हाच पुढच्या शेतात गेला. जागेबद्दल विचारलं तर तो म्हणतो, ग्रामपंचायतीला विचारा. ग्रामपंचायतीत गेलं की उत्तर मिळतं, आमच्याकडे ताबाच नाही.

देऊळघाटला बुलढाणा जवळ, त्यामुळे नोकरी तिकडे आणि घर इकडे असा हिशेब अनेकजण करतात. रस्त्याकडेच्या शेतांना भाव आला, तो असा. एक एकर, म्हणजे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी, असा राज्याचा नियम आहे. हेक्टरभराच्या ले-आउटला ही जागा साधारण दहा गुंठे भरते. पण शेत तुकड्या-तुकड्याने विकलं की प्रत्येक तुकडा नियमाच्या खाली राहतो आणि मोकळ्या जागेचा प्रश्नच मिटतो. जिथे जागा सुटते तिथेही ती बहुधा नाल्याकाठची, तिरपी, प्लॉट पडणार नाही अशी. शेजारच्या दोन ले-आउटच्या मोकळ्या जागा एकमेकींना लागून सोडायला लावल्या, तर निदान पोरांना चेंडू मारण्याएवढं मैदान होईल. नकाशा मंजूर होतानाच कुणी हे बघितलं, तर त्यासाठी एक रुपयाही लागणार नाही.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, चहूकडे शिवार असताना खेड्यात बाग कशाला? शिवार आहे, पण ते दुसऱ्याचं आहे. उभ्या सोयाबीनमध्ये पोरांना खेळू कोण देईल? संध्याकाळी बायाबापड्या फिरायला निघतात त्या मुख्य रस्त्याच्या कडेने, मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज घेत.

खरी अडचण पैशाची आहे, पण लोक समजतात तशी नाही. बांधायला पैसा मिळतो. फाटक, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, सौंदर्यीकरणाचा फलक, सगळ्यासाठी कुठला ना कुठला निधी निघतो. फलकावर नावंही येतात. रोज पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार मात्र कुठल्याच फलकावर मावत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीचंच बघा. त्यातली साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. उरलेली चाळीस टक्के अबंधित, पण तीही पगारावर खर्च करायची मनाई होती. मग रोपं लागतात, फोटो निघतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात काड्या उरतात.

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स हे नवं शहर १९६७ पासून वसवलं गेलं. तिथल्या बागांसाठी १९९२ मध्ये वेगळा ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या हाती बागांबरोबर भाडं देणाऱ्या व्यापारी इमारतीही दिल्या गेल्या. त्या उत्पन्नातून बागा सांभाळल्या जातात. ही युक्ती ऐकायला विलायती वाटेल, पण दुकानगाळे बांधून भाडं घेणं आपल्या ग्रामपंचायतींना शिकवावं लागत नाही. माझी मागणी एवढीच, की तीन-चार गाळ्यांचं भाडं ग्रामसभेच्या ठरावाने फक्त मोकळ्या जागांच्या देखभालीला बांधून टाकावं. त्यातून एक माळी आणि पाण्याचा खर्च भागला तरी पुष्कळ. लॉन नको, कारंजं तर मुळीच नको. कडुनिंब, करंज, चिंच लावा, दोन-तीन उन्हाळे पाणी द्या, मग ती झाडं आपली आपण उभी राहतात.

त्याआधी कागद मात्र पक्का हवा. मोकळी जागा ले-आउटवाल्याच्या नावे राहता कामा नये, शेवटचा प्लॉट विकला जाण्याआधी तिचा ताबा लेखी घ्यावा. नाहीतर आज गिट्टी, उद्या टपरी, परवा सभामंडप. मंडपाला कुणी हात लावत नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. बंगळुरूच्या एका ले-आउटमधली बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालयासारख्या चांगल्या कामासाठीसुद्धा बाग हलवता आली नाही. आपल्याकडे तर ट्रॉल्याच आहेत.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी मी हा विषय लेखी देत आहे. ज्यांनी ज्यांनी ले-आउटमध्ये प्लॉट घेतले आहेत, त्यांनी एजंटाने दिलेलं रंगीत पत्रक घरी ठेवून मंजूर नकाशाची प्रत घेऊन यावं, ही विनंती.

— एक प्लॉटधारक, देऊळघाट, जि. बुलढाणा